पोतनीस सरांचा खरा विषय

जबलपुरातल्या गोरखपूर भागात हेमचंद्र पोतनीसांनी आपल्या फाटकावर 'कोच' अशी पाटी लावली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन माणसं चौकशीला आली. एकाला पोराला लेगस्पिन शिकवायची होती. दुसऱ्यानं चप्पल काढता काढता विचारलं, "सर, फिजिक्स आप खुद पढ़ाते हैं कि टीचर रखे हैं?" हेमचंद्ररावांनी दोघांना बसवून घेतलं आणि आपलं काम काय ते नीट समजावलं. चहा झाला, समजावणं झालं, आणि दोघंही आले होते त्याहून जास्त गोंधळून परत गेले. आतून कुमुदताई सगळं ऐकत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाटी काढा. लोकांना समजत नाही अन् तुम्हाला सांगता येत नाही." हेमचंद्ररावांनी त्याच दुपारी स्टूल घेऊन पाटी काढली.

तसं ते काम समजायला फार अवघड नाही. बँकेच्या ट्रेनिंग विभागात आयुष्य घालवून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि हा नवा धंदा शिकून घेतला. कोणी मॅनेजर, कोणी मुख्याध्यापिका, कोणी दुकान वाढवू पाहणारा समोर येऊन बसणार, आपली अडचण सांगणार. कोचनं ऐकायचं आणि असे प्रश्न विचारायचे, की त्या माणसाचा रस्ता त्यालाच सापडावा. सल्ला द्यायचा नाही. सल्ला हा या लोकांत शिवीसारखा शब्द आहे. पुढे हेमचंद्रराव त्याच्याही एक पायरी वर गेले. ते कोचांना शिकवू लागले. नागपूर, रायपूर, भोपाळकडचे कोच आपल्या बैठकांची रेकॉर्डिंगं समोरच्याची परवानगी घेऊन त्यांच्याकडे पाठवत. हेमचंद्रराव डोळे मिटून ती ऐकत आणि मग सांगत, की इथे तुम्ही उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारलात, इथे बाई थांबल्या होत्या आणि तुम्हीच घाबरून बोललात, इथे तुम्हाला ऐकायचं नव्हतं, हुशारी दाखवायची होती. ऐकणाऱ्याला घाम फुटे. पण त्यांचा कान पक्का आहे यावर कोणाचं दुमत नव्हतं.

असा माणूस घरात असला म्हणजे घरच्यांचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. कुमुदताई वीज मंडळातली नोकरी करून घरी येत, पिशवी ठेवत आणि विचारत, "भाजी कोणती करू?" हेमचंद्रराव शांतपणे म्हणत, "तुला कोणती करावीशी वाटते?" एकदा त्या म्हणाल्या, "मला तुम्हाला विचारावंसंच वाटत नाही, असं वाटते." त्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं आणि सांगणं धरलं. अहो, उठा. दाढी करा, पाहुणे येऊन राहिले. ती दुसरी पॅन्ट घाला. आता पुरे झालं ऐकणं, ते कानातले हेडफोन काढा आणि जेवायला चला. दिवसभर लोकांना सांगायचं नाही असं व्रत घेतलेला हा माणूस घरात बायकोनं सांगितलेलं मुकाट्यानं करी. संसार मजेत चालला होता. त्या दोघांना तर आपण मजेत आहोत हे बोलून दाखवायचीही गरज कधी पडली नाही.

भाद्रपदात कुमुदताई गेल्या. आजार लहान होता, तो मोठा आहे असं कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

हेमचंद्रराव रडले नाहीत. आधी लोकांना वाटलं, धक्का बसलाय. मग वाटलं, धीराचे आहेत. खरी गोष्ट अशी होती, की त्यांना काही वाटतच नव्हतं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी सोडताना गुरुजींनी काही विचारलं, तेव्हा याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असंच येऊ शकतं, प्रश्न बंद आहे, हे त्यांच्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. भेटायला आलेल्यांना ते मनातल्या मनात गुण देत होते. हे ऐकत होते, यांनी आपलीच गोष्ट लावली, यांना शांतता सोसत नाही. मेहुणीनं गळ्यात पडून रडायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून ते किती वेळ थांबायचं याचा अंदाज घेत उभे होते. आपण हे काय करतो आहोत ते त्यांना कळत होतं. पण त्याचीही लाज वाटली नाही.

काम मात्र चालू राहिलं, आणि पहिल्यापेक्षा नीट चाललं. पूर्वी एखादं रेकॉर्डिंग ऐकता ऐकता त्यांचं मन भरून यायचं, मग शेरा लिहायला उशीर व्हायचा. आता तसलं काही होत नव्हतं. शेरे वेळेवर जात. सर सावरले, असं सगळीकडे झालं. स्वयंपाकाची बाई येऊन पोळ्या करून जाई. मटाराचा हंगाम सुरू झाला, जवळच्या पनागरहून आलेल्या शेंगांचे ढीग रस्त्यावर लागले, शेजारच्यांनी पिशवीभर शेंगा आणून दिल्या. त्या फ्रिजमध्ये पडून पिवळ्या पडल्या. मग हेमचंद्ररावांनी त्या टाकून दिल्या.

अपूर्व, त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात होता. तो दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि चांगला मुलगा जे विचारतो ते सगळं विचारायचा. माघाच्या सुरुवातीला त्यानं मुद्द्याला हात घातला. "बाबा, इकडेच या आता. तुमची खोली तयार आहे. घराला गिऱ्हाईक मिळतंय, लोक चांगले आहेत, आपल्यातलेच आहेत. रविवारी दुपारी त्यांना हो की नाही कळवायचंय. घाई नाही करत, पण तुम्हाला काय वाटतं?"

आता इथेच सगळं अडलं होतं. हो म्हणायला हेमचंद्ररावांची हरकत नव्हती. नाही म्हणायलाही नव्हती. अपूर्व पुन्हा पुन्हा विचारत होता, तुम्हाला काय वाटतं, आणि ते आत पाहत होते तर तिथे काहीच नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत जे तोंडातून निघेल ते निघेल आणि मग तेच खरं होईल, या घराचं दार दुसरं कोणी उघडेल किंवा उघडणार नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचं आपल्याला काही नाही, याची फक्त थोडी भीती त्यांना वाटू लागली होती. तीही अधूनमधून.

त्या रविवारी सकाळी अवंतिका यायची होती.

अवंतिका ही त्यांची जबलपुरातली एकमेव विद्यार्थिनी. एका खाजगी कंपनीत लोकांना प्रशिक्षण द्यायची, आणि आता कोच म्हणून परीक्षेला बसायची तयारी करत होती. परीक्षेला जायच्या आधी गुरूनं तिची एक बैठक समोर बसून ऐकायची, ती तयार आहे की नाही असं लिहून द्यायचं आणि त्या बैठकीचं रेकॉर्डिंग परीक्षेच्या फॉर्मला जोडायचं, अशी पद्धत होती. मुलगी हुशार, मनाची चांगली, पण सल्ल्याची खोड जन्मजात. ऑटोवाल्याला ती रस्ता सांगणार, भाजीवालीला तराजू कसा धरायचा ते सांगणार. समोरचा माणूस 'मला झोप लागत नाही' म्हणाला की हिच्या ओठांवर दूध-हळद आलीच. ती ओठ आत ओढून घेई आणि हेमचंद्ररावांकडे बघे. आणखी एक नियम त्यांनी तिच्या डोक्यात ठोकून बसवला होता. सरावासाठी दोन कोच एकमेकांसमोर बसले तरी विषय खरा आणायचा. एकदा तिनं सासूशी भांडणाचा विषय बनवून आणला होता, तर त्यांनी तिला उठवून घरी पाठवलं. खोट्या अडचणीवर शिकणं म्हणजे सतरंजीवर पोहणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ती आली ती फोन कानाला लावूनच. फोन ठेवला आणि दारातच म्हणाली, "सर, मॅडम नाही येऊन राहिल्या. पनागरला त्यांच्या घरी पाहुणे आले." मॅडम म्हणजे एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या समोर बसणार होत्या आणि हेमचंद्रराव कोपऱ्यातून ऐकणार होते.

"फॉर्म कधी भरायचाय?"

"परवा, सर." तिचा चेहरा पडला होता. "मी दुसऱ्या कोणाला बोलावू का? भाभीला विचारते."

"राहू दे. मी बसतो."

"तुम्ही?"

"विषय आहे माझ्याकडे," हेमचंद्रराव म्हणाले. "खरा आहे."

ते पलंगावर बसले, ती समोरच्या खुर्चीवर. तिनं फोन मधल्या टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, परवानगी मागितली. त्यांनी दिली. मग तिनं पाठ ताठ केली आणि ज्या आवाजात ती कधीच बोलत नसे त्या आवाजात विचारलं, "आजच्या या वेळातून तुम्हाला काय हाती लागलेलं हवं आहे?"

"निर्णय," ते म्हणाले. "मुलगा पुण्याला बोलावतोय. हे घर देऊन टाकायचं म्हणतोय. दुपारी त्याला सांगायचंय."

सुरुवात बरी झाली, असं त्यांनी मनात टिपलं. पुढे तिनं विचारलं, हा निर्णय तुम्हाला काहून महत्त्वाचा वाटतो? चूक, असं त्यांनी टिपलं. 'का' असं विचारलं की माणूस सफाई देत बसतो. आणि ते सफाई देत बसले. मुलाची काळजी, सुनेचा स्वभाव, इथले डॉक्टर, तिथले डॉक्टर. बोलणारे तेच आणि गुण देणारेही तेच. अवंतिका ऐकत होती, मान हलवत होती, दोनदा ओठ आत ओढून घेतलेले दिसले. पुण्यातली सकाळ कशी दिसते, असं तिनं विचारलं. हा प्रश्न छान होता. "तिथे नर्मदा नसेल," असं हेमचंद्ररावांनी सांगितलं. अशा प्रश्नाला असं काहीतरी उत्तर शोभतं. खरं म्हणजे ते मागची दोन वर्षं घाटावर गेले होते ते एकदाच, आणि तेही गुरुजींबरोबर.

आता बैठक संपत आली होती आणि हाती काहीच लागलं नव्हतं. अवंतिकाच्या कपाळावर घाम दिसायला लागला. बैठकीच्या शेवटी समोरच्याला काहीतरी उमगावं लागतं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, कोच कमी पडला. हेमचंद्ररावांनी शेकडो माणसांचं उमगणं ऐकलं होतं. ते कसं येतं, आवाज कुठे खाली जातो, श्वास कुठे थांबतो, त्यांना पाठ होतं. मुलीनं वर्षभर कष्ट केले होते. तेव्हा त्यांनी नजर खाली वळवली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि हळू आवाजात म्हणाले, "आत्ता लक्षात येतंय. मी घराला नाही धरून बसलो. मी कुमुदला धरून बसलोय. पण ती या भिंतींत नाही. ती माझ्याबरोबर येणार आहे. मी जाऊ शकतो."

वाक्य उत्तम होतं. कुठल्याही व्याख्यानात टाळी घेतली असती.

अवंतिकाचे डोळे पाणावले. तिनं नियमाप्रमाणे थोडा वेळ जाऊ दिला, पुढचं पाऊल काय ते विचारलं, समारोप केला आणि रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढे केला. बंद केलं. पण हात तिथेच राहिला.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही घड्याळ पाहिलं."

"कधी?"

"सुचायच्या आधी. आधी घड्याळ पाहिलं, मग तुम्हाला सुचलं."

हेमचंद्ररावांना सहज म्हणता आलं असतं, की सवयीनं पाहिलं असेल. ते म्हणाले, "तुझी बैठक चांगली झाली असती."

"झाली असती ना. पण मग मी हे शिकली कशाला?" ती आता आपल्या आवाजात बोलत होती, आणि रागावली होती. "खोटा विषय आणला म्हणून तुम्ही मला वापस पाठवलं होतं. मी रडत गेली होती, सर. ऑटोत." तिनं फोन उचलला, अंगठ्यानं काहीतरी केलं आणि पालथा ठेवला. रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. परवाचा फॉर्मही त्याबरोबर गेला, हे दोघांनाही कळलं.

"विषय खोटा नव्हता," हेमचंद्रराव म्हणाले. "दुपारी फोन येणार आहे, ते खरं आहे. मला उत्तर द्यायचंय, तेही खरं आहे. पण मला काही वाटत नाही, अवंतिका. हो म्हणावंसं वाटत नाही, नाही म्हणावंसं वाटत नाही. ती गेली तेव्हाही काही वाटलं नाही. मी वाट पाहतोय. खाल्लं की पोट भरतं, झोपलं की झोप लागते. लोक विचारतात कसे आहात, मी म्हणतो ठीक. ते खोटं नाही. तिथे दुसरं काही नाहीच."

अवंतिका काही बोलली नाही. ओठही आत ओढले नाहीत तिनं. ती नुसती त्यांच्याकडे बघत बसली. रस्त्यावरून भोंगा वाजवत भाजीची गाडी गेली, समोरच्या गच्चीवर कोणीतरी गादी झटकली. ही हिची पहिली खरी शांतता, हेमचंद्ररावांनी टिपलं, आणि टिपल्यावर त्यांना स्वतःचा कंटाळा आला. इतका कंटाळा आला, की ते म्हणाले, "तूच सांग. काय करू?"

"सर, मी कोच म्हणून बसली आहे."

"मग नको बसू."

तिनं जरा विचार केला. मग ती उठली, फोन पर्समध्ये टाकला, आणि कोचची खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी पलंगाच्या कडेवर येऊन बसली. "नका जाऊ," ती म्हणाली. "आत्ता तर बिलकुल नका जाऊ. वर्ष होऊ द्या. काकूंचं वर्षश्राद्ध याच घरात करा, मग पाहा काय ते. अपूर्व भैयाला सांगा, आता नाही. अन् फोनवर त्याला समजावत नका बसू, तुम्हाला समजावता येत नाही."

"बरं," हेमचंद्रराव म्हणाले.

आणि त्यांना बरं वाटलं. किती साधं होतं ते. भाद्रपदापासून त्यांना जो तो विचारत होता. काय हवं, काय खाल, काय ठरवलंत, कसं वाटतं. मुलगा विचारत होता, सून विचारत होती, पोळ्या करणारी बाई डब्यात किती ठेवू म्हणून विचारत होती. सगळी भली माणसं, आणि सगळ्यांनी उत्तर त्यांच्यावर सोडलेलं. त्यांना सांगितलं कोणीच नव्हतं. सांगणारं एकच माणूस होतं, ते गेलं, आणि तेव्हापासून ते कोणी सांगेपर्यंत उभ्यानं थांबून राहिले होते. जगाला प्रश्न विचारायला शिकवणारा हा माणूस स्वतः एका बाईच्या सांगण्यावर जगत होता, आणि हे त्यांना आज, या वयात, पलंगाच्या कडेवर बसल्यावर कळलं.

अपूर्वचा फोन ठरल्यापेक्षा लवकर आला. हेमचंद्ररावांनी त्याला बोलू दिलं आणि मग म्हणाले, "आता नाही येत. वर्ष होऊ दे."

"ठीक आहे, बाबा. पण नीट विचार केलात ना?"

"नाही केला. मला सांगितलं, नको म्हणून."

"कोणी?"

"आहे एक जण. तू त्या लोकांना नाही म्हणून कळव."

अपूर्वनं बरं म्हटलं, जेवलात का म्हणून विचारलं आणि फोन ठेवला. अवंतिका पर्स खांद्याला लावून उभी राहिली होती. "मी निघते, सर. मॅडमला पुढच्या आठवड्यात बोलावते. परीक्षा पुढच्या खेपेला देईन."

"थांब," हेमचंद्रराव म्हणाले. "आणखी काही सांग."

"काय सांगू?"

"काहीही. जे दिसतं ते."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सांगू की नको, असं एकदा तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "स्वेटर उलटा घातला आहे तुम्ही," ती म्हणाली. "शिवणी बाहेर आहेत, मानेपाशी लेबल दिसून राहिलं. सकाळपासून पाहून राहिली मी, पण कोचनं असं बोलायचं नसते ना. काढा अन् सरळ घाला."

हेमचंद्ररावांनी मानेपाशी हात नेला. लेबल होतं. स्वेटर कालही हाच होता, परवाही हाच. काल दूधवाला आला होता, शेजारचे आले होते, व्हिडिओवर रायपूरचे दोघं तासभर समोर होते. सगळे त्यांना विचारून गेले होते, कसे आहात.

त्यांनी दोन्ही हातांनी स्वेटर खालून धरला आणि डोक्यावरून वर ओढला. अर्धा निघाला आणि थांबला. डोकं आत, हात वर, असे ते बसून राहिले, आणि लोकरीच्या आतून असा आवाज आला, की अवंतिकाला आधी वाटलं ते गुदमरले. मग तिला कळलं. तिनं हात लावला नाही, विचारलंही नाही. पर्स खाली ठेवली आणि पुन्हा पलंगाच्या कडेवर जाऊन बसली. स्वेटर निघायला पुष्कळ वेळ लागला.